झ्लेद पडली त्या सकाळी

सासूला गाडीत बसवण्याआधी निवेसनं अंगणात हात पुढे करून पाऊस बघितला. साधाच पाऊस होता. फेब्रुवारीचा महिना, लाझ्ने गाव डोंगराच्या अर्ध्यावर, आणि तरीही छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीतून खळखळत होता. गाडीतला आकडा शून्याच्या वर तीन अंश दाखवत होता. तिला हायसं वाटलं. बर्फ पडत असता तर तिनं उरोशला, नवऱ्याला, कारखान्यातून सुट्टी घ्यायला लावली असती. पण पावसाला काय भ्यायचं? ती समुद्रकाठची. तिच्या माहेरी हिवाळा म्हणजे वारा आणि पाऊस, बाकी काही नाही.

"आई, चला लवकर. डॉक्टर थांबायचे नाहीत."

"थांबतील गं. म्हातारीच्या डोळ्यात सुरी घालायची कुणाला एवढी घाई असते?" असं म्हणत श्टेफका दाराच्या चौकटीला हात लावून, मग भिंतीला, मग गाडीच्या टपाला हात लावून पुढच्या सीटवर येऊन बसली. अंगात चर्चला जायचा काळा कोट, मांडीवर पत्र्याचा गोल डबा. डब्यात आदल्या दिवशी तळलेल्या क्रोफी, आत जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोल फुगीर वडे. पुस्टचा सण आलेला, पोरांनी सोंगं घेऊन दारोदार नाचायचे आणि घरोघर तेलाचा वास सुटायचे दिवस. डॉक्टरांकडे रिकाम्या हातानं जायचं श्टेफकाच्या कल्पनेत बसत नव्हतं.

मोतीबिंदूच्या या तारखेसाठी निवेसनं वर्षभर फोन केले होते. फोनवर ताटकळत तेच ते संगीत ऐकलं होतं. सासूनं तिला कधी "कर" म्हटलं नव्हतं आणि "करू नको"ही म्हटलं नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली, पण दोघींचं हे असंच होतं. भांडण नाही, तंटा नाही. एकमेकींना जपून, हळू आवाजात, पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायच्या. निवेसला कधी कधी वाटायचं, एकदा कडाडून भांडलो असतो तरी परवडलं असतं.

गाव मागे पडलं. रस्ता बीचच्या जंगलातून वळणं घेत खाली दरीत उतरतो, ओढ्याच्या पुलावरून जातो आणि मग नदीकाठानं इद्रिया शहराच्या मोठ्या रस्त्याला लागतो. निवेस सावकाश चालवत होती. वायपर फिरत होते. दोन वळणं झाल्यावर तिची नजर सहज आकड्यावर गेली. एक अंश. तिला वाटलं, बिघडला असेल. डोंगर उतरताना ऊब वाढायला हवी, कमी कशी होईल? पुढच्या वळणावर शून्य. मग शून्याच्या खाली.

"काय झालं?" श्टेफका म्हणाली. "गप्प का झालीस?"

"काही नाही. खाली गारवा जास्त दिसतोय."

श्टेफकानं काच दोन बोटं खाली केली आणि कान लावला. "चाकांचा आवाज बंद झाला," ती म्हणाली. "पोरी, पाण्याचा आवाज येत नाहीये."

निवेसलाही तेव्हाच कळलं. मघापर्यंत चाकांखालून चर्र चर्र पाणी उडत होतं. आता गाडी कशी अलगद, बिनआवाजी चालली होती. समोर रस्ता काळाभोर, ओला, रोजच्यासारखा. फक्त कडेच्या बीचच्या झाडांना काहीतरी झालं होतं. एकेक डहाळी काचेच्या नळीत घातल्यासारखी चकाकत होती.

घाबरून तिनं ब्रेकवर पाय ठेवला. जेमतेम टेकवलाच. पण गाडीनं ऐकायचंच सोडून दिलं. ती आपली निवांत गोल फिरली. आधी ओढा समोर आला, मग डोंगर, मग आल्या वाटेचा चढ. निवेस स्टिअरिंग इकडे तिकडे फिरवत होती, पण ते लहान मुलाच्या खेळण्यातलं असावं तसं हातात नुसतंच फिरत होतं. मग मागचा भाग धाडकन कठड्याला टेकला, एक चाक गटारावर लोंबकळलं आणि सगळं थांबलं. वायपर तेवढे चालू होते.

"थांबलो वाटतं," श्टेफका म्हणाली.

निवेसचे हात स्टिअरिंगवर गच्च.

"लागलं का तुला?"

"नाही. तुम्हाला?"

"क्रोफी शाबूत आहेत. म्हणजे मीही असेन." मग तिचा आवाज बदलला. "उतर. आत्ता उतर. माझ्या बाजूनं, डोंगराच्या बाजूनं. झ्लेद आहे ही. वरून पाऊस पडतो आणि टेकेल तिथं गोठतो. मागून कुणी आलं तर ते आपल्याला येऊनच बसणार."

'मागून कुणी' हे तिच्या तोंडून निघालं आणि दोघींना एकदमच आठवलं. सिल्वो! सिल्वोची शाळेची व्हॅन. वरच्या वाड्यांवरची पोरं गोळा करून तो रोज याच वाटेनं खालच्या शाळेत नेतो, आणि आज तो या दोघींच्या पाठोपाठच निघाला असणार. निवेसनं फोन काढला. दरीच्या या कोपऱ्यात कधी लागतो, कधी नाही, आज लागला. वाजत राहिला, वाजत राहिला. सिल्वो गाडी चालवताना फोन उचलत नाही. मागच्या गावसभेत सगळ्यांनी याबद्दल त्याचं तोंडभर कौतुक केलं होतं. निवेसनंसुद्धा.

"मी वर जाते," ती म्हणाली आणि दार उघडून रस्त्यावर पाय ठेवला. पाय टेकला तसा निघून गेला. ती मनगटावर आपटली, तशीच गाडीखाली अर्धी सरकली.

"मूर्खासारखी डांबरावर कुठं उतरतेस!" श्टेफका ओरडली. चार वर्षांत पहिल्यांदाच ओरडली. "माझी पिशवी दे इकडे. मागची."

पिशवीत रात्रीचा झगा होता, जपमाळ होती आणि लोकरीच्या जाडजूड मोज्यांचे तीन जोड. दवाखान्यातली फरशी थंड असते म्हणून घेतलेले. "बुटांवरून चढव. लोकर बर्फाला धरते. आणि कडेनं जा, जुन्या बर्फावरून. तो खरखरीत असतो."

"आणि तुम्ही?"

"मला त्या कपारीखाली बसव. माझ्यावर कुठली गाडी येणार तिथं?"

निवेसनं तिला धरून, जवळजवळ ओढत, रस्त्यापलीकडच्या कपारीशी नेलं, डबा मांडीवर ठेवला, आपली शाल तिच्या डोक्यावर टाकली आणि "जागच्या हलू नका" म्हणाली. मग डिकीतला नारिंगी अंगरखा अंगात अडकवून निघाली.

चढ तो रोजचाच. पण आज त्यानं तिचा जीव घेतला. कडेला उन्हाळ्यातल्या गवताच्या पेंढीएवढी बर्फाची जुनी रांग उरली होती, तिच्यावर मोजे रुतत होते. जिथं रांग तुटे तिथं ती सरळ चार पायांवर येई आणि झुडपांना धरून पुढे सरके. झुडपंही काचेची, धरली की हातात खळकन फुटत. पाऊस चेहऱ्यावर पडत होता आणि भुवयांत गोठत होता. वर जंगलात मधेच बंदुकीचा बार काढल्यासारखा आवाज होई. फांद्या ओझ्यानं मोडत होत्या. एक तिच्या मागेच रस्त्यावर पडली आणि काचसामान फुटावं तशी चहूकडे विखुरली. "आई गं," असं ती मोठ्यानं म्हणाली आणि मग मागे वळून बघायचं सोडलं.

ती मनात एकच गोष्ट घोकत होती: वर जिथं रस्ता नुसता ओला आहे तिथपर्यंत पोचायचं. त्याच्या खाली व्हॅन थांबवून उपयोग नाही, ती थांबणारच नाही. दर थोड्या वेळानं ती डांबरावर पाय आपटून बघे. घसरला. पुन्हा चढ. पुन्हा घसरला. एका वळणावर आपटला आणि पाणी उडालं! तिला रडूच आलं. तेवढ्यात वरून इंजिनाचा आवाज आला.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात हलवायला लागली. पिवळी व्हॅन वळणावरून आली, दिवे चमकले, नाक थोडं वाकडं झालं आणि तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

सिल्वोनं काच खाली केली. त्याच्या मिशा थरथरत होत्या. "अगं बाई! मरायचं असेल तर दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली मर! माझ्या गाडीत पोरं आहेत!"

"खाली झ्लेद आहे. पुलापर्यंत सगळी काच आहे नुसती."

सिल्वोचा चेहरा उतरला. त्यानं हँडब्रेक ओढला, खाली उतरून चार पावलं पुढे गेला आणि तिथंच ढुंगणावर आपटला. उठायचीही घाई केली नाही. "हं," तो बसल्या बसल्याच म्हणाला. "हं. आज आपण सगळे पुलाखाली असतो."

व्हॅनच्या काचांना तोंडं चिकटली होती. आज शाळेत पुस्टची सोंगं होती. एक अस्वल, दोन मधमाश्या, एक लाल शिंगांचा सैतान आणि एक स्वयंपाकी तिच्याकडे टकमक बघत होते. निवेसला क्षणभर वाटलं, डोक्याला मार लागला की काय आपल्या.

"तू चल आमच्याबरोबर वर," सिल्वो म्हणाला. "मी उलटा जातो हळूहळू, आणि वरून रस्तेवाल्यांना फोन करतो."

"आई खाली आहेत."

"कोण, श्टेफका मावशी? या असल्या रस्त्यावर? एकट्या?" त्यानं डोक्याला हात लावला, मग व्हॅनचं दार सरकवून आत वाकला आणि एका चेटकिणीच्या हातातला झाडू काढून घेतला.

"माझा झाडू!" चेटकीण किंचाळली. "आजीनं केलाय तो!"

"उद्या देतो. हे घे निवेस, टेकायला होईल. आणि मावशींना म्हणावं, जागच्या हलू नका."

उतरणं चढण्यापेक्षा वाईट निघालं. झाडूचा दांडा बर्फात खुपसून ती एकेक पाऊल टाकत आली, दोनदा झाडूसकट घसरत गेली, आणि शेवटी कपारीशी पोचली तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

बर्फावर बसल्याचा खळगा होता. शाल पडली होती. माणूस नव्हतं.

तिनं आधी ओढ्याकडे बघितलं. कठड्याखाली पाणी काळंशार वाहत होतं, दगडांवर बर्फाच्या टोप्या होत्या. "आई!" ती ओरडली. "आई!" आणि तेव्हा तिला तो आवाज आला. ठण ठण ठण ठण. खालच्या, पुलाकडच्या वळणाच्या मागून. कुणीतरी पत्रा बडवत होतं.

ती वळणावर पोचली. रस्त्याच्या कडेला, बर्फाच्या ढिगावर, पाय पसरून तिची सासू बसली होती. कोटाला मागून फाटून अस्तर बाहेर आलेलं, डोक्यावरचा रुमाल मागे गेलेला, पांढरे केस ओले. डाव्या हातात डब्याचं झाकण, उजव्या हातात दगड, आणि ती देवळातली घंटा बडवावी तशी झाकण बडवत होती. खाली थोड्या अंतरावर ओंडक्यांचा अवाढव्य ट्रक उभा होता, आणि त्याचा दाढीवाला ड्रायव्हर हातापायांवर रांगत श्टेफकाकडे येत होता.

"बास, मावशी, बास!" तो म्हणत होता. "थांबलोय मी! कधीचा थांबलोय!"

"खरंच थांबलास का? मग आवाज का येतोय?"

"तो इंजिनाचा आहे! बंद करून येतो, पण तुम्ही ते झाकण ठेवा आधी!"

निवेस ढिगावर सासूशेजारी मटकन बसली. तिला खूप बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुम्हाला जागचं हलू नका म्हटलं होतं ना! सांगितलेलं ऐकायचंच नाही का कधी? ओढ्यात गेला असता म्हणजे? उरोशला काय तोंड दाखवलं असतं मी?" ती ओरडत होती आणि रडत होती, आणि एकीकडे सासूचे हात चोळत होती.

"पोरांचं काय झालं?"

"थांबली. सगळी ठीक आहेत. माघारी गेली."

"मग ओरड," श्टेफका समाधानानं म्हणाली. "आता किती हवं तितकं ओरड."

ड्रायव्हरचं नाव राडको. त्यानं दोघींना ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं, हीटर लावला आणि चाकांना घालायच्या साखळ्या सीटमागून काढायला लागला. चढ लागायच्या आधीच त्याला पत्र्याचा आवाज ऐकू आला होता. त्यानं वेग कमी केला, म्हणून तो सपाटीवर थांबू शकला. वळणात शिरला असता तर ओंडके घेऊन मागे घरंगळला असता, असं तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणायच्या आत श्टेफकानं त्याच्या हातावर क्रोफी ठेवली.

"पण मावशी, एवढ्या पावसात मी तुम्हाला दिसलो कसा? मला तर तुम्ही दिसला नाहीत."

"दिसलास कुठं? ऐकू आलास. खाली पुलापलीकडे गिअर टाकलास तेव्हाच. म्हटलं, वरच्यांसाठी सून गेली, खालच्यांसाठी कुणीतरी हवंच."

"आणि इथपर्यंत आलात कशा?" निवेसनं विचारलं.

"बसून. लहानपणी यायचो तशी. कोट फाटला, पण वेळ लागला नाही."

राडको हसत साखळ्यांकडे गेला. केबिनची काच आतून धुरकट झाली. निवेस सासूकडे बघत होती. श्टेफकानं डब्यातून आणखी एक क्रोफी काढली आणि तिच्या हातात द्यायला पुढे केली, पण हात चुकला. निवेसच्या हाताऐवजी खांद्याकडे गेला. निवेसनं ती घेतली नाही. तिनं हळूच आपला हात सासूच्या डोळ्यांसमोर हलवला.

"हलवू नको," श्टेफका म्हणाली. "वारा लागतो."

"आई. तुम्हाला किती दिसतं?"

श्टेफकानं क्रोफी परत डब्यात ठेवली. बाहेर साखळ्या खणखणत होत्या.

"उजेड दिसतो," ती म्हणाली. "खिडकी कुठं आहे ते कळतं. माणूस पुढे आला की काळं होतं. गवत कापायच्या दिवसांपासून असंच आहे."

"आणि स्वयंपाक? चूल? काल तळण केलंत तुम्ही!"

"चाळीस वर्षं तेच स्वयंपाकघर आहे. तेलाचा आवाज कळतो मला." तिनं पदराशी चाळा करावा तसा रुमालाच्या टोकाशी चाळा केला. "सांगितलं असतं तर उरोशनं चुलीपाशी जाऊ दिलं नसतं. एका खुर्चीत बसवलं असतं मला. आणि तू सगळं केलं असतंस, न बोलता. मग मी काय करायचं दिवसभर?"

"डॉक्टरांना तरी सांगायचं."

"डॉक्टरांचीच तर भीती वाटते. रात्रभर झोप नाही. सकाळी पाऊस ऐकला तेव्हा देवाला म्हटलं, बाबा, जरा जास्त पड." ती थबकली. "एवढा नाही पण."

निवेसला हसू आलं. हसता हसता तिनंही सांगून टाकलं, उरोशलाही कधी न सांगितलेलं. की हिवाळा लागला की या रस्त्याची तिला भीती वाटते. बाजाराला जाताना, कामाला जाताना, रोज. की खाली मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नुसती बसते. की गावातले हसतील, समुद्रावरची बाई म्हणतील, म्हणून ती गप्प असते.

"तुला वाटतं आम्हाला भीती वाटत नाही?" श्टेफका म्हणाली. "उरोशचा बाप झ्लेदच्या दिवसांत मला या पुलाच्या अलीकडे गाडीतून उतरवायचा. म्हणायचा, तू चालत ये, मेलो तर मी एकटा मरतो. मग मी छत्री घेऊन मागून चालायची, आणि तो पुढे गाडीत देवाचं नाव घेत, गोगलगायीसारखा. पलीकडे पोचला की हॉर्न वाजवायचा. सगळ्या दरीला कळायचं, पोचला म्हणून. लोक हसायचे. आम्हीपण हसायचो."

तिनं हात पुढे केला आणि या वेळी तो बरोबर निवेसच्या मनगटावर पडला. "सुजलंय हे. बघू. इथं दुखतं?"

"दुखतं."

"मोडलं नाही. घरी गेल्यावर कोबीचं पान बांधू."

दुपार व्हायच्या सुमारास खडी टाकणारी गाडी वरून खाली आली, कासवाच्या चालीनं, आणि मागोमाग उरोश धावत, घसरत, पुन्हा धावत. सिल्वोनं कारखान्यात फोन करून त्याला कळवलं होतं. त्यानं आधी बायकोला मिठी मारली, मग आईला, मग चुकून राडकोला. दवाखान्यात फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, काळजी करू नका, आज कुणीच आलेलं नाही. डॉक्टर स्वतःच घराच्या पायरीवर घसरून बसलेत. ते ऐकून श्टेफका इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या रात्री आणि पुढच्या काही रात्री गावात वीज नव्हती. तारा बर्फाच्या ओझ्यानं जमिनीला टेकल्या होत्या. तिघं स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी गाद्या टाकून झोपले. त्या दिवसांत सासू-सुनेत पहिलं खरं भांडण झालं, मिठाच्या बरणीवरून. निवेसनं ती दुसरीकडे ठेवली होती आणि श्टेफकानं सूपात साखर घातली. दोघी आवाज चढवून भांडल्या. उरोश सरपण आणायच्या निमित्तानं बाहेर गेला तो बऱ्याच वेळानं परत आला, आणि आला तेव्हा दोघी तेच गोड सूप पीत बसल्या होत्या.

ऑपरेशन ईस्टरच्या आधी झालं. तोवर दरीत प्रिमरोझची पिवळी फुलं आली होती आणि रस्ता कोरडा खडखडीत होता. जाताना श्टेफकानं वाटभर निवेसचं मनगट धरून ठेवलं होतं; गिअर बदलायला निवेसला दर वेळी तिला "सोडा जरा" म्हणावं लागत होतं. आत जाताना म्हातारी डॉक्टरांना म्हणाली, "माझी सून बाहेर बसलीय. काही वाकडं केलंत तर ती ओरडते, आधीच सांगते."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. श्टेफकानं समोर बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा समोर.

"अगं," ती म्हणाली, "किती थकलेली दिसतेस. उरोश तुला काही खायला देतो की नाही?"

घरी परतल्यावर तिनं कोटही काढला नाही. स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. छत बघितलं, कपाटाचा माथा बघितला, चुलीमागची भिंत बघितली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग संताप.

"ही जळमटं कधीपासून आहेत?"

"आई, तुम्हीच कुणाला हात लावू देत नव्हता इथं."

"आणि तुम्ही ऐकलंत? गावातली बायामाणसं येऊन जातात इथं! कॉफी पितात! देवा रे, ती सिल्वोची बायको ख्रिसमसला इथं तासभर बसली होती!"

निवेसनं खुर्ची ओढली आणि फडकं घेऊन वर चढली. खाली श्टेफका एका हातानं खुर्ची घट्ट धरून, दुसऱ्या हातानं कोपरे दाखवत उभी राहिली. एका डोळ्यात अजून मोतीबिंदू होता, दुसरा लख्ख उघडा.

"तिकडे. नाही, त्याच्या डावीकडे. अगं, सांभाळून, पडशील! हं, तेच. दिसतंय मला सगळं."